यकृतातील दाहप्रतिसादाच्या अभ्यासासाठी पेशी संवर्धन पद्धती : एक तुलनात्मक विवेचन

सारांश

वनस्पतींच्या अर्काचा यकृतावरील परिणाम हा आपल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांच्या संशोधन प्रकल्पांचा एक आवडता विषय आहे. अशा प्रकल्पांत 'यकृतसंरक्षक' व 'दाहशामक' हे दोन निष्कर्ष वारंवार काढले जातात. ते कोणत्या पेशींवर, कोणत्या परिस्थितीत व किती काळाच्या प्रयोगातून निघाले, याची चिकित्सा मात्र त्या प्रमाणात होत नाही. प्रस्तुत लेखात पेशीवंश, प्राथमिक यकृतपेशी, सहसंवर्धन, त्रिमितीय पेशीगोलक, यकृताचे काप आणि यकृत-चिप या पद्धतींची तुलना केली आहे. दाहाच्या कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत उत्तर देऊ शकते व कोणत्या प्रश्नाला कोणतीच देऊ शकत नाही, हे गुळवेलीच्या अलीकडील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : यकृत, दाह, पेशी संवर्धन, पेशीवंश, कुफर पेशी, सहसंवर्धन, गुळवेल

१. प्रस्तावना

वाशिम जिल्ह्यात कावीळ झालेल्या माणसाला घरच्या वडीलधाऱ्यांकडून पहिला सल्ला मिळतो तो बहुधा झाडपाल्याचा. भुईआवळी, माका, पुनर्नवा ही नावे आपल्याकडे कोणाला नवीन नाहीत. पावसाळ्यात सोयाबीनच्या धुऱ्यावर उगवणारी भुईआवळी ओळखणारा विद्यार्थी आजही प्रत्येक वर्गात सापडतो. गुळवेल तर कुंपणावर व झाडांवर सर्रास दिसते, आणि कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणकारी अशी लोकांची श्रद्धा आहे. हा ठेवा हाताशी असल्यामुळे आपल्या महाविद्यालयांतील संशोधनाचा ओढा औषधी वनस्पतींकडे असावा, हे स्वाभाविक आहे.

पूर्वी अशा वनस्पतींची परीक्षा उंदरांवर होत असे. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९९८ चे प्राणिप्रयोगविषयक नियम यांमुळे नोंदणी, नीतिसमिती व प्राणिगृह या अटी आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्र व जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन व प्राणिप्रयोग टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. परिणामी पेशी संवर्धनाकडे लक्ष वळले. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागविता येतात. १९८० च्या दशकात प्राणी ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेच्या पेशीकोशातून देशभरातील संशोधकांना पेशीवंश पुरविले जातात.

तथापि पेशी मिळाल्या म्हणजे यकृत मिळाले असे होत नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीत गुळवेलीचा काढा व गोळ्या घरोघरी घेतल्या गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृतदाह आढळल्याची नोंद केली व ती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती काय, तिच्या जातीची ओळख पटविली होती काय, हा त्या आक्षेपाचा गाभा होता. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वनस्पतीचे सेवन सुरू झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक कालावधी ४६ दिवस होता.

या वादात बाजू घेणे हा या लेखाचा हेतू नाही. येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न वेगळा आहे. ज्या वनस्पतीला अनेक प्रयोगशाळांनी यकृतसंरक्षक ठरविले, तिच्यावर यकृतदाहाचा संशय यावा आणि प्रयोगशाळेतील पेशींनी त्याची पूर्वसूचना देऊ नये, हे कसे घडले? २४ किंवा ४८ तासांच्या प्रयोगाने ४६ दिवसांनी घडणाऱ्या गोष्टीविषयी काय सांगावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पेशी संवर्धनाच्या पद्धतींची तुलना अपरिहार्य ठरते.

२. यकृतातील दाह : पेशींची कामवाटणी

दाह म्हणजे इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराने दिलेला संरक्षक प्रतिसाद. यकृताच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून प्रतिहारी शिरेमार्गे येते. या रक्तासोबत आतड्यातील जंतूंचे अंश, विशेषतः ग्रॅम-ऋण जंतूंच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड हे अंतर्विष, यकृतापर्यंत पोहोचते. त्यामुळे यकृत हे पचनाचे साहाय्यक इंद्रिय तर आहेच, शिवाय ते शरीराच्या वेशीवरील चौकीही आहे.

या चौकीवर अनेक प्रकारच्या पेशी काम करतात. यकृतपेशी संख्येने सुमारे ६० ते ६५ टक्के असून यकृताचे सुमारे ८० टक्के आकारमान त्यांनी व्यापलेले असते. प्रथिननिर्मिती, औषधांचे चयापचय व पित्तनिर्मिती ही कामे त्यांची. रक्तपोकळ्यांत ठाण मांडून बसलेल्या कुफर पेशी या भक्षकपेशी होत. शरीराच्या ऊतींमधील स्थायिक भक्षकपेशींचा बहुतांश भाग त्यांचाच आहे. यांखेरीज रक्तपोकळ्यांच्या अस्तरपेशी, यकृताला वण पाडणाऱ्या ताराकृती पेशी आणि लसिकापेशी असतात.

दाहाचा क्रम ढोबळमानाने असा सांगता येईल. कुफर पेशी अंतर्विष ओळखतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-६ ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. जुन्या खेड्यात कोतवालाने दवंडी पिटली की प्रत्येक जण आपापल्या कामास लागे, तसाच हा प्रकार आहे. दवंडी ऐकून यकृतपेशी आपला नित्यक्रम बदलतात. सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन, सिरम अॅमिलॉइड-ए, फायब्रिनोजेन, हॅप्टोग्लोबिन ही तीव्रावस्था प्रथिने वाढतात. अल्ब्युमिनची निर्मिती घटते. औषधांचे विघटन करणारे सायटोक्रोम पी-४५० गटातील विकर, विशेषतः ३ए४, मंदावतात. म्हणूनच तीव्र संसर्गात काही औषधांची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे वाढते.

या कामवाटणीतूनच पद्धतींच्या तुलनेचा निकष मिळतो. ज्या बशीत फक्त यकृतपेशी आहेत, तेथे दवंडीला दिलेला प्रतिसाद अभ्यासता येतो. दवंडी कशी पिटली जाते हे अभ्यासता येत नाही.

३. प्रमुख पद्धती

३.१ पेशीवंश

सतत विभागत राहणाऱ्या पेशींच्या कुळाला पेशीवंश किंवा प्रयोगशाळेच्या बोलीत सेल लाइन म्हणतात. यकृतसंशोधनात सर्वाधिक वापर हेप-जी-२ या वंशाचा होतो. १९७० च्या दशकात अर्जेंटिनातील एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातील अर्बुदापासून तो मिळविण्यात आला. दीर्घकाळ त्याचे वर्णन यकृतपेशींचा कर्करोग असे केले जाई. २००९ मध्ये झालेल्या फेरतपासणीत ते अर्बुद बालवयात होणाऱ्या यकृतकोरकार्बुदाच्या प्रकारचे असल्याचे दाखविण्यात आले. हा वंश स्वस्त, चिवट व सर्वत्र उपलब्ध आहे. एका प्रयोगशाळेचे निष्कर्ष दुसरीला पडताळता येतात, हा त्याचा मोठा गुण. इंटरल्युकिन-६ दिल्यास तो फायब्रिनोजेन व हॅप्टोग्लोबिन यांची निर्मिती वाढवितो.

त्याच्या मर्यादा दोन. पहिली, सायटोक्रोम विकरांचे प्रमाण अत्यल्प. पॅरासिटामॉलमुळे यकृताला होणारी इजा ही मूळ औषधामुळे नसून प्रामुख्याने २ई१ या विकराने त्यापासून तयार केलेल्या विषारी घटकामुळे होते. हा विकरच नगण्य असलेल्या हेप-जी-२ पेशींना मारण्यासाठी पॅरासिटामॉलची फार मोठी मात्रा द्यावी लागते आणि त्यांचा मृत्यूही रुग्णाच्या यकृतातील मृत्यूपेक्षा वेगळ्या मार्गाने होतो. अशा प्रयोगात वनस्पतीच्या अर्काने पेशी वाचविल्या, तरी तिने पॅरासिटामॉलच्या विषबाधेपासून यकृत वाचविले असा अर्थ काढता येत नाही. दुसरी मर्यादा, अंतर्विषाला हा वंश क्षीण प्रतिसाद देतो. केवळ हेप-जी-२ वर लायपोपॉलिसॅकराइड टाकून 'यकृतदाहाचे प्रारूप' तयार केल्याचा दावा म्हणूनच जपून वाचावा.

सी-रिअॅक्टिव्ह प्रथिनाच्या अभ्यासासाठी हेप-३-बी हा वंश अधिक उपयुक्त ठरला आहे. इंटरल्युकिन-६ व इंटरल्युकिन-१ एकत्र दिल्यास तो जोमदार प्रतिसाद देतो. मात्र त्याच्या जनुकसंचात हेपॅटायटिस-बी विषाणूचे अंश असल्यामुळे हाताळणीत अधिक जैवसुरक्षा आवश्यक आहे.

२००२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला हेपा-आरजी हा वंश या सर्वांत यकृताच्या जवळचा मानला जातो. सुमारे दोन आठवडे वाढ व पुढे दोन आठवडे डायमिथिल सल्फॉक्साइडच्या साहाय्याने पक्वता, असा त्याचा क्रम आहे. पक्व झाल्यावर त्यात सायटोक्रोम विकर पुरेशा प्रमाणात असतात आणि इंटरल्युकिन-६ दिल्यास सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन वाढणे व ३ए४ घटणे या दोन्ही गोष्टी एकाच बशीत मोजता येतात. तो महाग आहे. शिवाय पक्वतेसाठी वापरलेले डायमिथिल सल्फॉक्साइड स्वतःच दाहशामक असल्यामुळे दाहाच्या प्रयोगापूर्वी त्याचे प्रमाण कमी करावे लागते.

येथे एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. 'सामान्य यकृतपेशी' म्हणून अनेक शोधनिबंधांत वापरलेले चँग लिव्हर, डब्ल्यूआरएल-६८ आणि एल-०२ हे वंश प्रत्यक्षात हेला पेशींनी दूषित झालेले आहेत. हेला म्हणजे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून मिळविलेला वंश. 'अर्काने कर्करोगपेशी मारल्या, पण सामान्य यकृतपेशींना धक्का लावला नाही' असे वाक्य लिहिताना तुलनेसाठी घेतलेल्या 'सामान्य' पेशी यांपैकी असतील, तर त्या सामान्य नाहीत आणि यकृताच्याही नाहीत. आपल्या जुन्या प्रबंधांतील अशा नोंदी या दृष्टीने पुन्हा तपासणे, हे संशोधनाचे कर्तव्यच आहे.

३.२ प्राथमिक यकृतपेशी

यकृतातून थेट वेगळ्या केलेल्या पेशींना प्राथमिक पेशी म्हणतात. १९६९ मध्ये बेरी व फ्रेंड यांनी उंदराच्या यकृतात कोलॅजिनेज हा विकर खेळवून अखंड पेशी मिळविण्याची पद्धत मांडली आणि १९७० च्या दशकात सेग्लेन यांनी तिला दोन टप्प्यांचे रूप दिले. पहिल्या टप्प्यात कॅल्शियमविरहित द्रावणाने पेशींमधील बंध सैल केले जातात. दुसऱ्या टप्प्यात कॅल्शियमसह कोलॅजिनेज देऊन जाळी विरघळविली जाते. नंतर मंद गतीने केंद्रापसारण केल्यास जड यकृतपेशी तळाशी बसतात व कुफर आदी हलक्या पेशी वरच्या द्रवात राहतात.

या पेशींत विकर, ग्राहके व प्रथिननिर्मिती यांची मूळ सज्जता असते. म्हणून औषधविज्ञानात त्यांना मानदंडाचे स्थान आहे. परंतु साध्या एकस्तरी संवर्धनात ही सज्जता पहिल्या दोन-तीन दिवसांतच झपाट्याने ओसरते. १९८९ मध्ये डन, यार्मुश व सहकाऱ्यांनी पेशी कोलॅजेनच्या दोन थरांमध्ये ठेवण्याची पद्धत दाखविली. तिच्यामुळे पेशींचा आकार व कार्य अनेक आठवडे टिकविता आले.

दाहाच्या अभ्यासात या पद्धतीची अडचण तिच्या पहिल्या पायरीतच आहे. यकृत विरघळविण्याची क्रिया ही पेशींच्या दृष्टीने मोठी इजा होय. तिच्यामुळे दाहाशी संबंधित संदेशमार्ग जागृत होतात. म्हणजे आपण दाह मोजावयास बसतो तेव्हा पेशी आधीच अर्ध्या दाहात असतात. त्यासाठी पेशींना किमान रात्रभर स्थिरावू देणे आणि प्रयोगाच्या प्रत्येक वेळी निरुद्दीपित नियंत्रण ठेवणे अगत्याचे आहे. दुसरी बाब शुद्धतेची. काही थोड्या कुफर पेशी जरी यकृतपेशींत राहून गेल्या, तरी अंतर्विषाला मिळालेला प्रतिसाद यकृतपेशींचा की कुफर पेशींचा हे ठरविणे अशक्य होते.

३.३ सहसंवर्धन

यकृतपेशी व भक्षकपेशी एकत्र वाढविणे म्हणजे सहसंवर्धन. त्याचे तीन प्रकार रूढ आहेत. पहिल्यात भक्षकपेशींना उद्दीपित करून त्यांचे माध्यम गाळून यकृतपेशींना दिले जाते. दुसऱ्यात सच्छिद्र पडद्याच्या दोन बाजूंना दोन प्रकारच्या पेशी असतात. संदेशवाहक प्रथिने ये-जा करतात, पेशी मात्र एकमेकींना स्पर्श करीत नाहीत. तिसऱ्यात दोन्ही पेशी थेट एकत्र वाढतात.

कुफर पेशी मिळविणे अवघड असल्याने टीएचपी-१ हा मानवी रक्तकर्करोगापासूनचा वंश भक्षकपेशींच्या रूपात आणून वापरला जातो. आपल्याकडे उंदराच्या रॉ-२६४.७ या भक्षकपेशीही सहज मिळतात. येथे एक सूक्ष्म सापळा आहे. उंदराचे इंटरल्युकिन-६ मानवी पेशींवर काम करीत नाही. रॉ-२६४.७ चे माध्यम हेप-जी-२ वर टाकून तीव्रावस्था प्रथिने वाढली नाहीत, तर तो अर्काचा गुण नसून दोन प्रजातींमधील भाषेची अडचण असू शकते. प्रजातीचा प्रश्न मोजमापातही येतो. सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन माणसात दाहाचे प्रमुख निदर्शक आहे. प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरात ते स्थान प्रामुख्याने सिरम अॅमिलॉइड प्रथिनांना व मोठ्या उंदरात अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिनला आहे.

सहसंवर्धनाचे महत्त्व ट्रोवाफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या उदाहरणावरून पटते. अमेरिकेत १९९७ अखेरीस मान्यता मिळालेल्या या औषधामुळे यकृत निकामी झाल्याच्या घटना घडल्या आणि १९९९ मध्ये त्याच्या वापरावर कठोर निर्बंध आले. नेहमीच्या चाचण्यांत ते निर्धोक दिसले होते. पुढील संशोधनात असे आढळले की, हे औषध एकटे दिल्यास हेप-जी-२ पेशी तग धरतात. टीएनएफ-अल्फासोबत दिल्यास मात्र त्या मरतात. औषध तेच, पेशी त्याच, मात्रा तीच. फरक होता तो दाहाच्या उपस्थितीचा. निरोगी बशीत निर्धोक ठरलेला पदार्थ दाह असलेल्या यकृतात निर्धोक असेलच असे नाही, हा धडा वनस्पतींच्या अर्कांनाही लागू पडतो. कारण झाडपाला घेणारा माणूस बहुधा आधीच आजारी असतो.

३.४ त्रिमितीय पेशीगोलक, काप व चिप

न चिकटणाऱ्या बशीत किंवा लोंबत्या थेंबात पेशी ठेवल्या की त्या एकत्र येऊन गोलक तयार करतात. २०१६ मध्ये युरोपातील संशोधकांनी मानवी प्राथमिक यकृतपेशींचे गोलक पाच आठवडे कार्यक्षम ठेवता येतात हे दाखविले. त्यामुळे दीर्घकाळ व पुनःपुन्हा मात्रा देऊन होणारी इजा अभ्यासणे शक्य झाले. गोलकांत कुफर व ताराकृती पेशीही मिसळता येतात. हेप-जी-२ चे गोलक तुलनेने सोपे आहेत, पण ते वाढत राहतात आणि आकार फार मोठा झाल्यास प्राणवायूअभावी त्यांचा गाभा मरतो.

यकृताचे सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे अचूक काप करण्याचे यंत्र क्रुमडिक यांनी १९८० मध्ये मांडले. कापात सर्व प्रकारच्या पेशी आपापल्या मूळ जागी असतात, हा त्याचा अद्वितीय गुण. पण कापणे हीच इजा असल्याने सुरुवातीपासून दाह असतो व काप काही दिवसच टिकतात.

चिपमध्ये सूक्ष्म नलिकांतून द्रव सतत वाहता ठेवून यकृतपेशी, अस्तरपेशी, कुफर व ताराकृती पेशी एकत्र राखल्या जातात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८७० चिपवर २७ औषधे तपासली गेली. यकृतास घातक असलेल्या औषधांपैकी ८७ टक्के औषधे ओळखली गेली आणि निर्धोक औषधांपैकी एकही घातक ठरविले गेले नाही. भारतातही २०२३ मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशीआधारित व इंद्रिय-चिप पद्धतींना औषधचाचणीत स्थान मिळाले. तथापि चिपचा खर्च आज तरी जिल्हा पातळीवरील महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर आहे.

४. तुलना

तक्ता क्र. १ : पद्धतींचे गुणदोष

| पद्धत | उपयुक्त कालावधी | दाहातील कोणता भाग दिसतो | मुख्य उणीव |
|---|---|---|---|
| हेप-जी-२, हेप-३-बी | १ ते ३ दिवस | संदेशवाहकांना यकृतपेशींचा प्रतिसाद | विकर अत्यल्प, भक्षकपेशी नाहीत |
| हेपा-आरजी | पक्वतेनंतर काही आठवडे | प्रतिसाद व विकरांतील घट एकत्र | खर्च, डायमिथिल सल्फॉक्साइडचा प्रभाव |
| प्राथमिक, एकस्तरी | १ ते ३ दिवस | मूळ यकृतपेशींचा प्रतिसाद | विलगीकरणाची इजा, गुणऱ्हास |
| प्राथमिक, कोलॅजेन थरांत | काही आठवडे | वरीलप्रमाणे, अधिक स्थिर | मानवी पेशींची दुर्मिळता |
| सहसंवर्धन | पेशींवर अवलंबून | उद्दीपन व प्रतिसाद दोन्ही | प्रमाण व प्रजातीची निवड नाजूक |
| मानवी प्राथमिक पेशीगोलक | सुमारे ५ आठवडे | दीर्घकालीन व पुनरावृत्त मात्रा | खर्च, मोजमाप कठीण |
| यकृताचे काप | काही दिवस | सर्व पेशी मूळ रचनेत | कापण्याची इजा |

तक्त्यावरून दिसते की, 'उत्तम पद्धत' असा शोध व्यर्थ आहे. प्रश्न आधी ठरवावा लागतो. अर्कातील एखादा घटक इंटरल्युकिन-६ चा संदेश यकृतपेशीच्या आत अडवितो काय, एवढाच प्रश्न असेल तर हेप-जी-२ पुरेसा आहे. अर्कामुळे कुफर पेशी संदेश सोडणेच थांबवितात काय, हा प्रश्न असेल तर सहसंवर्धनाशिवाय गत्यंतर नाही. सहा आठवडे काढा घेतल्यास काय होईल, या प्रश्नाला एकस्तरी पेशीवंशाकडे उत्तर नाही.

५. प्रयोगातील निसरड्या जागा

पद्धत योग्य निवडूनही निष्कर्ष चुकू शकतो. आपल्या परिस्थितीत विशेष महत्त्वाच्या अशा पाच बाबी पुढीलप्रमाणे :

(अ) अर्कातील अंतर्विष. शेतातून आणलेल्या वनस्पतीवर जंतू असतातच. अर्क जंतुविरहित गाळणीतून गाळला तरी अंतर्विष गाळले जात नाही. भक्षकपेशींनी दिलेला प्रतिसाद वनस्पतीचा की अंतर्विषाचा, हे लिम्युलस चाचणी केल्याशिवाय सांगता येत नाही. 'रोगप्रतिकारशक्ती वाढविणारी वनस्पती' हा निष्कर्ष काही वेळा केवळ अस्वच्छ अर्काचा असू शकतो.

(आ) एमटीटी चाचणी. अर्कातील पॉलिफिनॉल संयुगे पेशींच्या मदतीविनाच एमटीटीचे जांभळे रंजक तयार करू शकतात. मग मृत पेशीही जिवंत भासतात. म्हणून पेशीविरहित नियंत्रण ठेवावे आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या गळतीसारखी दुसरी स्वतंत्र चाचणी करावी.

(इ) माध्यमातील डेक्सामेथासोन. प्राथमिक यकृतपेशींच्या माध्यमात हे संप्रेरकसदृश औषध नेहमी घातले जाते. ते भक्षकपेशींचा दाह दाबते आणि त्याच वेळी इंटरल्युकिन-६ मुळे होणारी तीव्रावस्था प्रथिनांची वाढ बळकट करते. दोन प्रयोगांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही माध्यमांतील त्याचे प्रमाण पाहावे.

(ई) मायकोप्लाझ्माचा संसर्ग. हा जंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि माध्यम गढूळही करीत नाही. परंतु दाहाचे संदेशमार्ग चाळवितो. त्याची नियमित तपासणी नसेल, तर दाहाविषयीचा कोणताही आकडा विश्वसनीय नाही.

(उ) मात्रा. मिलिलिटरला शेकडो मायक्रोग्रॅम अर्क बशीत देता येतो. काढा प्यालेल्या माणसाच्या यकृताशी त्यातील घटक त्या प्रमाणात पोहोचतात काय, याचा विचार चर्चेत आलाच पाहिजे.

६. गुळवेलीचा प्रश्न पुन्हा

आता प्रस्तावनेतील प्रश्नाकडे वळू. मुंबईतील रुग्णांच्या यकृताच्या तुकड्यांच्या तपासणीत स्वप्रतिकारजन्य यकृतदाहाची लक्षणे आढळली होती. अशा विकारात शरीराच्या स्वतःच्या लसिकापेशी यकृतावर हल्ला करतात. तो हल्ला सर्वांत होत नाही. विशिष्ट जनुकीय घडण किंवा पूर्वीची सुप्त व्याधी असलेल्या व्यक्तीत होतो, आणि त्याला आठवडे लागतात. वरील तक्त्यातील पेशीवंशांत लसिकापेशी नाहीत, आठवडे नाहीत आणि ती विशिष्ट व्यक्तीही नाही. हेप-जी-२ चा दाता एक मुलगा होता. त्याच्या पेशी वाशिमच्या एखाद्या मधुमेही गृहिणीच्या वतीने साक्ष देऊ शकत नाहीत. पेशीगोलक किंवा चिप यांत लसिकापेशी मिसळण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण व्यक्तिविशिष्ट इजेचा अंदाज अद्याप त्यांनाही नियमितपणे बांधता येत नाही.

म्हणून बशीतील प्रयोगाने गुळवेल दोषी ठरत नाही, तशी ती निर्दोषही ठरत नाही. आयुष मंत्रालयाने उपस्थित केलेला वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा मात्र आपल्यासाठी मोलाचा आहे. गुळवेलीच्या वंशातील इतर जाती दिसावयास सारख्याच असतात. अर्क करण्यापूर्वी नमुन्याची वनस्पतिशास्त्रीय ओळख निश्चित करणे व त्याचा नमुना वनस्पतिसंग्रहालयात जतन करणे, हे काम कोणत्याही महागड्या यंत्राविना आपल्या वनस्पतिशास्त्र विभागांना करता येते. या वादात सर्वांत उणीव भासली ती नेमकी याच दुव्याची.

७. जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी व्यवहार्य मार्ग

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. येथील महाविद्यालयांकडे मोठ्या शहरांतील संस्थांसारखी साधने नाहीत. वीजपुरवठा खंडित झाला की कार्बन डायऑक्साइड उबवणीपेटीतील सारे श्रम वाया जाण्याची भीती असते. द्रवरूप नायट्रोजनची नियमित उपलब्धता हाही प्रश्न आहे. अशा स्थितीत सर्व काही एकाच विभागात करण्याचा अट्टहास न धरता कामाची वाटणी करणे हितावह होय.

वनस्पतीचे संकलन, ओळख, ऋतुमानानुसार घटकांतील फरक आणि लोकव्यवहारातील वापराची नोंद ही कामे येथेच उत्तम होतील. अर्काचे रासायनिक विश्लेषण व अंतर्विषाची तपासणी सुसज्ज विभागाच्या सहकार्याने करता येईल. पेशीप्रयोगासाठी विश्वसनीय कोशातून पेशीवंश घ्यावा, हातोहात मिळालेल्या पेशी वापरू नयेत. आरंभ हेप-जी-२ व टीएचपी-१ यांच्या माध्यमबदल पद्धतीने करावा. ती कमी खर्चाची असून दोन्ही पेशी मानवी असल्याने प्रजातीचा सापळा टळतो. त्यात निदान चार गट असावेत : निरुद्दीपित, केवळ उद्दीपित, उद्दीपन व अर्क, आणि केवळ अर्क. चौथा गट अनेकदा गाळला जातो. वस्तुतः अर्काची स्वतःची विषाक्तता तोच सांगतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निष्कर्षाची भाषा. 'हेप-जी-२ पेशींत इंटरल्युकिन-६ ने उद्दीपित फायब्रिनोजेनची वाढ अर्काने रोखली' हे विधान शास्त्रीय आहे. 'ही वनस्पती यकृतदाहावर गुणकारी आहे' हे विधान त्या प्रयोगातून निघत नाही. पहिले वाक्य शोधनिबंधातच राहते. दुसरे वाक्य वृत्तपत्रात जाते, तेथून औषधाच्या बाटलीवर आणि शेवटी एखाद्या काविळीच्या रुग्णाच्या घरी पोहोचते.

८. समारोप

पेशी संवर्धनाच्या प्रत्येक पद्धतीत यकृताचा काही अंश आहे आणि काही अंश गळालेला आहे. पेशीवंशात सातत्य आहे, विकर नाहीत. प्राथमिक पेशींत विकर आहेत, टिकाव नाही. कापात रचना आहे, पण ती जखमी आहे. चिपमध्ये बरेच काही आहे, परंतु ती आपल्या हाती नाही. आपल्या प्रयोगात काय गळाले आहे याचे भान ठेवून लिहिलेला छोटा निष्कर्ष हा मोठ्या दाव्यापेक्षा अधिक उपयोगी असतो. भुईआवळी आणि गुळवेल यांवर आपल्या भागातील माणसांचा पिढ्यान्पिढ्यांचा विश्वास आहे. त्या विश्वासाची परीक्षा प्रामाणिकपणे होणे हे त्या माणसांच्या हिताचे आहे, आणि ती परीक्षा कोणत्या बशीत झाली हे त्यांना स्पष्टपणे सांगणे ही आपणा अध्यापकांची जबाबदारी आहे.